काळोखाची शाळा

१९४४ ह्या एका वर्षात अमेरिकेत काय काय झालं ते पाहू. बिली वाइल्डरचा 'डबल इन्डेम्निटी' आला. ऑटो प्रेमिंजरचा 'लॉरा' आला. डिसेंबरमध्ये रेमंड चँडलरनं 'अटलांटिक' मासिकात आपला तो प्रसिद्ध लेख लिहिला. इंग्लिश बंगल्यांतल्या सुबक खुनांची त्यात त्यानं टर उडवली आणि अंधाऱ्या गल्ल्यांतून एकटा चालत जाणाऱ्या सचोटीच्या गुप्तहेराची बाजू घेतली. त्याच वर्षी सप्टेंबरात 'सेव्हन्टीन' नावाचं मासिक निघालं, खास शाळकरी मुलींसाठी. आणि ज्या महिन्यात चँडलरचा लेख आला, त्याच महिन्यात 'लाइफ' साप्ताहिकानं 'टीनएज' मुलींच्या जगावर सचित्र लेख छापला. ह्या मुली काय घालतात, काय बोलतात, कुठे घोळका करून बसतात, असा सगळा तपशील त्यात होता. नुकत्याच सापडलेल्या एखाद्या बेटावरच्या जमातीबद्दल लिहावं, तशा थाटात.

म्हणजे पुढे ज्याला 'फिल्म न्वार' म्हटलं गेलं ते, आणि 'टीनएजर' नावाचा प्राणी, हे दोन्ही एकाच सुमारास नजरेत भरले. न्वार हे नाव अर्थातच अमेरिकनांनी दिलेलं नाही. युद्धकाळात फ्रान्समध्ये अमेरिकन सिनेमे येत नव्हते. १९४६च्या उन्हाळ्यात ते पॅरिसमध्ये एकदम येऊन थडकले, आणि 'माल्टीज फाल्कन', 'लॉरा', 'डबल इन्डेम्निटी' हे सगळे पाठोपाठ पाहून नीनो फ्रँक ह्या समीक्षकानं त्यांना काळे सिनेमे म्हटलं. ते करणाऱ्या दिग्दर्शकांना आपण गुन्हेपट करतोय, मेलोड्रामा करतोय, एवढंच ठाऊक होतं.

टीनएजरचं श्रेय मात्र शाळेकडे जातं. १९१०मध्ये अमेरिकेत हायस्कूल पुरं करणारी मुलं दहात एकापेक्षाही कमी होती. बाकीची शेतावर, गिरणीत, दुकानात. १९४०पर्यंत जवळजवळ निम्मी मुलं हायस्कूल पुरं करू लागली. मंदीत मुलांना नोकऱ्या नव्हत्या, त्याचाही ह्याला हातभार लागला. चौदा ते अठराची लाखो पोरं दिवसभर एका इमारतीत एकत्र, मोठी माणसं मोजकी. अशा ठिकाणी स्वतःचे कायदे, स्वतःची भाषा, स्वतःची उतरंड तयार न झाली तरच नवल. ऑगस्ट हॉलिंग्सहेड ह्या समाजशास्त्रज्ञानं इलिनॉयमधल्या एका छोट्या गावाला 'एल्मटाउन' असं टोपणनाव देऊन तिथल्या मुलांचा अभ्यास केला आणि १९४९मध्ये दाखवून दिलं की कोण कोणाशी मैत्री करतं, कोण कोणाबरोबर फिरतं, कोण शाळा सोडतं, हे बरंचसं बापाच्या वर्गावर ठरतं. पुढे १९६१मध्ये जेम्स कोलमननं दहा हायस्कुलांच्या पाहणीतून असं मांडलं की मुलांच्या जगातली पत अभ्यासावर ठरत नाही. मुलग्यांमध्ये खेळाडू वर असतात, मुलींमध्ये सगळ्यांना हव्याहव्याशा वाटणाऱ्या. हे वाचताना मला तरी हॅमेटच्या 'रेड हार्वेस्ट'मधलं पॉइझनव्हिल आठवतं. तिथेही नावाला एक सरकार आहे, आणि खरी सत्ता कोणाकडे आहे हे गावात पाऊल ठेवल्यावर दोन दिवसांत कळतं.

तरीही ही दोन जगं एकमेकांत मिसळायला साठ वर्षं लागली. का लागली, हा प्रश्न मला त्या मिश्रणाच्या यशापेक्षा जास्त रंजक वाटतो.

एक कारण पुस्तकांच्या बाजारात सापडतं. १९३० साली डॅशिएल हॅमेटची 'द माल्टीज फाल्कन' पुस्तकरूपात आली, आणि त्याच वर्षी नॅन्सी ड्रू ही मुलगीही अवतरली. हार्डी बंधू तीन वर्षं आधीच येऊन बसले होते. म्हणजे शाळकरी गुप्तहेर होते, भरपूर होते. पण नॅन्सीकडे स्वतःची निळी गाडी होती, वकील बाप होता आणि प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी जग होतं तसंच नीटनेटकं उरायचं. आपला फास्टर फेणे थेट ह्या घरातला नसला तरी शेजारच्याच वाड्यातला. जिवावरचे प्रसंग येतात, पण भा. रा. भागवतांच्या जगात घरी परतल्यावर कोणीतरी पाठीवर थाप मारणारं असतं. हॅमेटच्या जगात घरी कोणी नसतं. मुलांच्या हाती भिंग द्यायला प्रकाशकांची हरकत नव्हती, हरकत होती ती त्या भिंगातून आपलाच बाप दिसण्याला.

गंमत अशी की हॅमेटचा आणि हायस्कूलचा संबंध जेमतेम काही महिन्यांचा. घरच्या ओढग्रस्तीमुळे चौदाव्या वर्षाच्या आसपास त्यानं शाळा सोडली, बारीकसारीक नोकऱ्या केल्या आणि पुढे पिंकर्टन एजन्सीत खराखुरा गुप्तहेर झाला. चँडलर मात्र लंडनच्या डल्विच कॉलेजात शिकला, म्हणजे पी. जी. वुडहाउसच्या शाळेत. त्याच्या मार्लोकडे नीट पाहिलं तर तो एक वयात आलेला इंग्लिश शाळकरी मुलगा आहे हे लक्षात येतं. मार खाईन पण चुगली करणार नाही, पैशासाठी शब्द मोडणार नाही, बाईच्या मोहात पडलो तरी वाहवत जाणार नाही. ही सगळी नीतिमत्ता वसतिगृहातली आहे. न्वार शाळेत गेलं असं आपण म्हणतो, पण त्यातला निदान अर्धा भाग शाळेतूनच आलेला होता.

जुन्या न्वारमध्ये कोवळी मुलं अगदीच नाहीत असं नाही. आहेत, पण कडेला. 'डबल इन्डेम्निटी'मधली लोला आठवते का? एकोणिसेक वर्षांची, मेलेल्या माणसाची मुलगी. सगळ्या सिनेमात खरं काय घडलंय ह्याचा अंदाज आधीपासून असलेली ती एकटी. सावत्र आईनंच आपल्या आईला मारलं असं ती सांगते, आणि सांगते कोणाला, तर वॉल्टर नेफला, ज्यानं तिच्या बापाचा खून केलाय. हिचकॉकच्या 'शॅडो ऑफ अ डाउट'मधली (१९४३) चार्ली नुकतीच शाळा संपवून सांता रोझातल्या घरी कंटाळलेली. लाडका मामा येतो, आणि हा मामा विधवांना गळा दाबून मारणारा खुनी आहे हे तिला हळूहळू उमगतं. ती आईला सांगू शकत नाही, कारण आई कोसळेल. गावाला सांगू शकत नाही, कारण गावानं मामाला डोक्यावर घेतलंय. शेवटी मामाच्या अंत्यविधीला चर्चमध्ये त्याची स्तुती चालू असते आणि ती बाहेर उभी राहून ऐकते. हिचकॉकच्या अनेक गाजलेल्या दृश्यांपेक्षा हे मला जास्त भयंकर वाटतं. ह्या मुलीनं उरलेलं आयुष्य हे सगळं पोटात ठेवून काढायचं आहे.

'मिल्ड्रेड पिअर्स'मधली (१९४५) व्हीडा मात्र उलट्या टोकाची. भूमिका केली तेव्हा अ‍ॅन ब्लाइथ सोळा वर्षांची होती. जेम्स केनच्या मूळ कादंबरीत खून नाहीच. सिनेमानं तो घातला आणि पिस्तूल व्हीडाच्या हाती दिलं. गरोदर असल्याचं खोटं सांगून ती श्रीमंत सासरकडून दहा हजार डॉलर उकळते आणि आईच्या हॉटेलला तळणाचा वास येतो म्हणून नाक मुरडते. इथे मूल हीच फाम फताल. तेव्हा त्या काळच्या न्वारमध्ये कोवळ्या माणसाला दोनच जागा होत्या: सगळं माहीत असलेली पण कोणी न ऐकणारी, किंवा सैतान. गुप्तहेराची खुर्ची तिला कोणी देऊ केली नाही.

पन्नाशीच्या दशकात शाळा पडद्याच्या मध्यभागी आली खरी, पण आरोपी म्हणून. बालगुन्हेगारीवर सिनेटची उपसमिती सुनावण्या घेत होती, कॉमिक्सवर खापर फुटत होतं. १९५५मध्ये 'ब्लॅकबोर्ड जंगल' आणि 'रेबेल विदाउट अ कॉज' पाठोपाठ आले. पैकी पहिला शिक्षकाच्या नजरेतून, दुसरा मुलांच्या, पण दोन्ही न्वार नव्हेत. न्वारमध्ये कोणीतरी काहीतरी शोधत असावं लागतं, आणि शोधता शोधता स्वतःचे हातही थोडे बरबटावे लागतात. जेम्स डीनला समजून घ्यायला आख्खा सिनेमा तयार असतो. न्वारच्या नायकाला ही चैन मिळत नाही.

आणि मग १९५८. निर्माता अल्बर्ट झुगस्मिथ ह्याच्या नावावर त्या एकाच वर्षी दोन सिनेमे आहेत. एक ऑर्सन वेल्सचा 'टच ऑफ ईव्हिल', ज्याला अभिजात न्वारचा शेवटचा सिनेमा मानायची पद्धत आहे. दुसरा 'हायस्कूल कॉन्फिडेन्शल!', उद्गारचिन्हासकट. इतिहास कधी कधी इतक्या ढोबळपणे खूण करतो की लिहिणाऱ्याला लाज वाटावी. दुसऱ्या सिनेमात ट्रकवर पियानो ठेवून जेरी ली लुइस गात गात शाळेसमोर येतो आणि टोनी नावाचा नवा, उद्धट विद्यार्थी शाळेत दाखल होऊन गांजाच्या धंद्यात घुसू पाहतो. हा टोनी मुळात वेषांतर केलेला पोलीस असतो. शाळेत न्वार शिरलं, पण त्यासाठी मोठ्या माणसाला विद्यार्थ्याचं सोंग घ्यावं लागलं! अंमली पदार्थांचा म्होरक्या 'मिस्टर ए' झालाय जॅकी कूगन. चॅप्लिनच्या 'द किड'मधलं ते पोर. बालपणी मिळवलेली सगळी कमाई आई आणि सावत्र बापानं उडवली, कूगन कोर्टात गेला आणि बालकलाकारांच्या मिळकतीला संरक्षण देणारा कॅलिफोर्नियाचा कायदा त्याच्या नावानं ओळखला जाऊ लागला. मुलांना विष विकणाऱ्याच्या भूमिकेत त्याला पाहताना मला त्या सवंग सिनेमात न्वारचा एकमेव खरा क्षण दिसतो, आणि तो बहुधा कोणी ठरवून आणलेला नाही.

मधली तीस वर्षं भराभर ओलांडू. १९७६चा अ‍ॅलन पार्करचा 'बग्झी मलोन' मुलांना गुंडांचे सूट घालतो आणि बंदुकीतून मलई उडवतो. गंमत आहे, पण ती सोंगाचीच. १९८६चा 'रिव्हर्स एज' मात्र जीवघेणा आहे. एका मुलानं मैत्रिणीला मारलंय, नदीकाठी तिचं उघडं प्रेत पडलंय, मित्र एकेक करून जाऊन पाहून येतात आणि कोणी कोणाला सांगत नाही. कॅलिफोर्नियात खरोखर घडलेल्या घटनेवरून तो सुचला होता. चुगली न करण्याचा तोच शाळकरी नियम, जो मार्लोच्या अंगावर शोभतो, इथे कुजून वास मारतो. १९९०मध्ये डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्टच्या 'ट्विन पीक्स'मध्ये प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली लॉरा पामर सापडते, शाळेची लाडकी राणी. तिचं नाव कुठून आलं ह्यावर फार विचार करायला नको: मालिकेत वॉल्डो नावाची मैना आहे, लायडेकर नावाचा जनावरांचा डॉक्टर आहे, आणि वॉल्डो लायडेकर हा १९४४च्या 'लॉरा'मधला निवेदक. नेफ नावाचा विमा एजंटही मध्येच डोकावून जातो. पण तपास करायला तिथेही एफबीआयचा मोठा माणूसच येतो.

रायन जॉन्सननं 'ब्रिक'ची पटकथा १९९७च्या सुमारास लिहिली. तेव्हा तो सिनेमाचं शिक्षण संपवून नुकता बाहेर पडला होता. कोएन बंधूंच्या 'मिलर्स क्रॉसिंग'मुळे तो हॅमेटकडे वळला होता. कोणीही पैसे देईना. शाळेतली पोरं १९३०च्या गुंडांसारखी बोलतात आणि कोणी हसत नाही, ही कल्पना एखाद्या निर्मात्याला समजावून सांगायचा प्रयत्न करून पाहा. सहा-सात वर्षांनी नातेवाईक आणि मित्रमंडळींकडून साडेचार-पावणेपाच लाख डॉलर जमले आणि वीसेक दिवसांत सिनेमा चित्रित झाला. कुठे? तर सॅन क्लेमेंटी ह्या समुद्रकाठच्या गावात, जॉन्सन स्वतः जिथे शिकला त्याच हायस्कूलमध्ये. छायाचित्रण कॉलेजपासूनच्या मित्राचं, स्टीव्ह येडलिनचं, संगीत चुलतभाऊ नेथन जॉन्सनचं. जानेवारी २००५मध्ये सनडान्सला त्याला दृष्टीच्या नावीन्यासाठी परीक्षकांचं विशेष पारितोषिक मिळालं.

सुरुवातीला पावसाच्या पाण्याच्या नाल्याच्या तोंडाशी ब्रेंडन उकिडवा बसलाय. समोर पाण्यात एमिली, हातात निळ्या बांगड्या. ही त्याची पूर्वीची मैत्रीण. मग कथा दोन दिवस मागे जाते, फोन बूथमधल्या एका भेदरलेल्या कॉलपाशी. त्यात तिनं उच्चारलेले चार शब्द हेच सगळं रहस्य. पुढे जे आहे ते नेहमीचंच: म्होरक्या, त्याचा दांडगा उजवा हात, श्रीमंत घरातली लॉरा, ग्रंथालयामागे बसून सगळी माहिती पुरवणारा 'ब्रेन'. टोप्या नाहीत, पट्ट्यापट्ट्यांच्या सावल्या नाहीत. कॅलिफोर्नियाचं पांढुरकं ऊन, रिकामी पार्किंगची जागा, फुटबॉलचं मैदान. न्वारला अंधारच लागतो हा समज त्या उन्हात आपोआप गळून पडतो. लागतं ते एकटेपण. दुपारी तीनला शाळा सुटल्यानंतरच्या मैदानाइतकं एकटं ठिकाण मध्यरात्रीच्या लॉस एंजेलिसमध्येही सापडायचं नाही.

भाषेचं म्हणाल तर तिथेच सिनेमा जिंकतो. पोलिसांना ही मुलं 'बुल्स' म्हणतात, वाक्यं तोडून फेकतात, अर्धं आपल्याला कळत नाही. पण शाळेतल्या कुठल्याही टोळक्याची भाषा बाहेरच्याला कधी कळलीय? न्वारची बोली आणि शाळेची बोली दोन्हींचा उपयोग एकच, कोण आतला आणि कोण बाहेरचा हे ठरवणं. ब्रेंडनला उपमुख्याध्यापक ट्रूमन बोलावतो तो प्रसंग तर जिल्हा सरकारी वकिलासमोर खाजगी गुप्तहेर बसवावा तसा लिहिलाय, आणि ट्रूमन झालाय रिचर्ड राउंडट्री, म्हणजे सत्तरच्या दशकातला डिटेक्टिव्ह 'शाफ्ट'! म्होरक्या 'पिन' काळा झगा घालतो, पायानं अधू आहे, बदकाच्या तोंडाची काठी वापरतो, आणि धंदा चालवतो आईवडिलांच्या घराच्या तळघरातून. वर स्वयंपाकघरात मार खाऊन आलेल्या ब्रेंडनला त्याची आई आपुलकीनं ज्यूस देते. हे दृश्य विनोदी आहे, पण त्यातलं कोणीही हसत नाही. त्या आईला तळघरात काय चालतं ते माहीत नाही. सिनेमातल्या कुठल्याच मोठ्या माणसाला काहीच माहीत नाही.

सोळाव्या वर्षी प्रत्येक गोष्ट जीवनमरणाची वाटते, म्हणून न्वार शाळेला शोभतं, असं ह्या सिनेमाबद्दल नेहमी सांगितलं जातं. मला ते अर्धवट वाटतं. त्यामागे मोठ्यांचं कौतुकाचं हसू आहे: वाटतं बिचाऱ्यांना. 'ब्रिक'मध्ये मुलं खरोखर मरतात. एमिली गरोदर होती, आणि शेवटी मैदानावर लॉरा ब्रेंडनच्या कानात ते मूल कोणाचं होतं ते सांगते. 'माल्टीज फाल्कन'मध्ये सॅम स्पेड ब्रिजिडला पोलिसांच्या हवाली करतो, तसं ब्रेंडननं लॉराचं केलेलं असतं. त्या बदल्यात त्याला हे उत्तर मिळतं. स्पेडला निदान ऑफिसात परत जायची सोय होती.

माझी तक्रार वेगळी आहे. प्रेत सापडल्यावर ब्रेंडन पहिली गोष्ट काय करतो? ते नाल्यात आत लपवतो, म्हणजे पोलीस मध्ये येणार नाहीत. तपास त्याचा, दुःख त्याचं, अपराधी भाव त्याचा. एमिलीला सिनेमा बांगड्या देतो, एक चिठ्ठी देतो आणि पाण्यात ठेवतो. लॉरा पामर प्लास्टिकमध्ये, 'रिव्हर्स एज'मधली मुलगी नदीकाठी. लोलाचं कोणी ऐकत नव्हतं, पण ती बोलत तरी होती. शाळेतलं न्वार जसजसं देखणं होत गेलं, तसतशी त्यातली मुलगी गप्प होत गेली.

म्हणूनच सनडान्सच्या चार महिने आधी, सप्टेंबर २००४मध्ये यूपीएन ह्या छोट्या वाहिनीवर सुरू झालेली 'व्हेरॉनिका मार्स' मला ह्या सगळ्या इतिहासातली कळीची गोष्ट वाटते. तिचा कर्ता रॉब थॉमस पूर्वी हायस्कूलमध्ये पत्रकारिता शिकवायचा. नेपच्यून हे काल्पनिक गाव, मध्यमवर्ग नसलेलं: एकतर लक्षाधीशांची मुलं, नाहीतर त्यांच्याकडे काम करणाऱ्यांची. व्हेरॉनिकाच्या मैत्रिणीचा, लिलीचा खून झालाय. बाप शेरीफ होता, त्यानं लिलीच्या बलाढ्य बापावर संशय घेतला आणि पद गमावलं, आई घर सोडून गेली. व्हेरॉनिका शाळा सुटल्यावर बापाच्या डिटेक्टिव्ह एजन्सीत काम करते. पहिल्याच भागात ती सांगते की एका पार्टीत तिला गुंगीचं काहीतरी पाजलं गेलं आणि शुद्धीवर आल्यावर आपल्यावर बलात्कार झालाय हे तिला कळलं. ती नव्या शेरीफकडे तक्रार द्यायला गेली आणि त्यानं तिची थट्टा केली.

इथे लोला गुप्तहेराच्या खुर्चीत बसली. पाण्यात पडलेली मुलगी आणि तपास करणारा माणूस ही एकच व्यक्ती झाली. मार्लोसारखंच निवेदन, तसाच तिरकस विनोद, पण तो तिरकसपणा कुठून आला ते आपल्याला ठाऊक आहे. आणि एल्मटाउनमधला वर्ग इथे पुन्हा हजर आहे: कुठल्या पिन कोडचा पत्ता तुमचा, त्यावर शेरीफ तुमचं किती ऐकणार ते ठरतं. 'ब्रिक' बघताना मी छायाचित्रणावर खूश होतो. 'व्हेरॉनिका मार्स' बघताना कित्येकदा चित्रण सामान्य आहे, दिवे टीव्हीचे आहेत हे जाणवतं आणि तरी पुढचा भाग लावला जातो.

तिसऱ्या पर्वात ती कॉलेजात गेली आणि मालिका ढेपाळली. २००७मध्ये बंद झाली. शाळेचं बंद आवार गेलं की उतरंड सैल होते. कॉलेजात ज्याला टाळायचं त्याला टाळता येतं, हायस्कूलमध्ये तो रोज शेजारच्या लॉकरशी उभा असतो. २०१३मध्ये थॉमसनं सिनेमासाठी किकस्टार्टरवर वीस लाख डॉलर मागितले. ते एका दिवसाच्या आत जमले आणि शेवटी ९१ हजारांहून अधिक लोकांनी मिळून ५७ लाख दिले. त्या सिनेमात व्हेरॉनिका वकिलीच्या न्यूयॉर्कमधल्या चांगल्या नोकरीची संधी सोडून गावी परतते. निमित्त असतं एका खुनाचं आणि शाळेच्या दहाव्या वर्षाच्या स्नेहसंमेलनाचं.

२०१९मध्ये चौथं पर्व आलं. शाळेपासूनचा तिचा लोगन, ज्याच्याशी तिचं नुकतंच लग्न लागलंय, तो गाडी हलवायला रस्त्यावर जातो आणि बॉम्बस्फोटात मरतो. किकस्टार्टरला पैसे दिलेले चाहते खवळले. शाळकरी प्रेमकथा मागे टाकून निव्वळ गुप्तहेरकथा करायची होती, असं काहीसं थॉमसचं म्हणणं होतं. शेवटच्या दृश्यात ती गाडीत बसून एकटी नेपच्यूनबाहेर पडते.